हवालदार

त्याचा एक डोळा नागपूरकडे आणि दुसरा गोंदियाकडे. रंगवणाऱ्याच्या हातून बुबुळाची काळी टिकली घसरली असणार. पण आम्ही वरठीची माणसं, आमच्या स्टेशनावरून गाड्या याच दोन दिशांना सुटतात. त्यामुळे पहारेकऱ्याची नजर अशीच पाहिजे, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटत आलं.

उंची अर्धी वीत. डोक्याला लाल मुंडासं, अंगात कधीकाळी पिवळा असलेला अंगरखा, कमरेला शेला, डाव्या हातात कवडीएवढी ढाल. मिशी मात्र एका झटक्यात काढलेली आणि सुरेख. त्या कारागिराने सगळा जीव तिच्यात ओतला आणि डोळ्यांपर्यंत येता येता दमला असावा. पुढची बाजू एका साच्यातली, पाठ दुसऱ्या साच्यातली. दोन्ही ओल्या असताना जुळवल्या तेव्हा पाठ सूतभर खाली सरकली. ती सांध्याची रेघ कानामागून टाचेपर्यंत अजून स्पष्ट दिसते. तिच्यामुळे बाजूने पाहिलं की तो किंचित वाकलेला वाटतो, कोणाला तरी मुजरा करायच्या बेतात असल्यासारखा. उजवा हात त्याचा स्वतःचा नाही. तो मी एम-सीलचा करून लावला आहे आणि मांडीपेक्षा जाड झाला आहे. त्या मुठीत मी मळतानाच काडीने भोक पाडून ठेवलं होतं. दरवर्षी खराट्याची नवी काडी त्यात खोचली की भाला झाला.

हा आमचा मावळा. नाव हवालदार. गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे, हे मला फार पुढे वाचून कळलं. आईने नाव ठेवलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे स्वराज्याची व्यवस्था वगैरे काही नव्हती. चौकात दिवसभर उभा राहून कोणालाच न अडवणारा खाकीतला माणूस होता.

मी तिसरीत असताना बाबांनी त्याला नागपूरच्या महाल भागातून आणलं. सोबत पाच भाऊबंद, सिंहासनावर बसलेले महाराज आणि एक वाघ. सगळी पलटण तणसात गुंडाळून पिशवीत, पिशवी पॅसेंजरमध्ये बाकाखाली. कन्हान आणि थारसाच्या मधे कुठेतरी कोणाचं तरी पोतं त्या पिशवीवर टेकलं. घरी येऊन उघडलं तेव्हा बाकी सगळे धड होते, याचा हात तेवढा गायब. पिशवी झटकली, तणस चाळलं, हात नाही. गाडी तोवर पुढे निघून गेली होती. तो हात गोंदियाला उतरला की तिथून गाडी बदलून हावड्याला गेला, यावर आम्ही भावंडांनी बरीच चर्चा केली होती.

ज्या स्टेशनात तो उतरला त्याच्या पाटीवर वरठीचं नाव नाही. तिथे ‘भंडारा रोड’ लिहिलेलं आहे. भंडारा शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर लांब. जमीन, फलाट, धूळ आणि फलाटावरची कुत्री वरठीची, नाव भंडाऱ्याचं. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही आधी दुसऱ्याचं नाव घेतो आणि मग आपल्यावर येतो. हवालदार अशा गावात नोकरीला लागला.

नोकरी वर्षातून आठ-दहा दिवसांची. वसुबारसेच्या आदल्या दिवशी माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली येतो. झाकण उघडलं की जुन्या तणसाचा आणि ओल धरलेल्या मातीचा वास येतो. दिवाळी आली, हे मला फराळाच्या आधी त्या वासाने कळतं. अंगणात किल्ला तयार असतो किंवा होत असतो. मातीची निवड हा आमच्याकडे वादाचा विषय. कन्हार माती वाळली की भेगाळते, बुरूज दुसऱ्याच दिवशी फुटतो. बरडी ढासळते. बांधीच्या धुऱ्यावरची चिकट माती सगळ्यांत चांगली, पण दिवाळीत धान कापणीला आलेलं असतं आणि धुरा उकरणाऱ्या पोरांवर शेतकरी धावून येतो. विटांचे तुकडे रचायचे, त्यावर गाळात बुडवलेलं पोतं टाकायचं, पोत्यावर मोहरी पेरायची. चौथ्या दिवशी डोंगर हिरवा. मग पायऱ्या, विहीर, आरशाच्या तुकड्याचं तळं. तळं मात्र एकाने भागत नाही. जिल्हाच तळ्यांचा, पोरं तीन-चार तरी करतात.

हवालदाराची जागा ठरलेली, महादरवाजापाशी. तो दरवाजापेक्षा उंच आहे. त्याला आत जायचं झालं तर सरपटत जावं लागेल, म्हणून कोणी त्याला आत बोलावतही नाही. आमच्या किल्ल्यावर मापाची पद्धत कधी नव्हती. गाय हत्तीएवढी, वाघ गाईच्या अर्धा, माचीवर प्लास्टिकचा ट्रॅक्टर, आणि एका वर्षी तर सदरेवर बॅट घेतलेला क्रिकेटपटू उभा होता. महाराजांनी कधी तक्रार केली नाही.

एका दिवाळीत अवकाळी पाऊस आला. रात्री कोणाला जाग आली नाही. सकाळी पाहतो तर नवे घेतलेले कच्च्या मातीचे मावळे कमरेपर्यंत विरघळलेले. पाय किल्ल्यात जिरून गेले होते. हवालदार मात्र उभा. तो भट्टीतून अर्धवट का होईना, निघालेला होता. अंगरख्याचा रंग धुऊन गेला आणि बेंबीपाशी एक खपली निघाली, एवढंच.

आता एक गोष्ट मला मोठेपणी खटकायला लागली, ती सांगतो. शिवाजी महाराजांची फौज १६७० साली कारंज्यापर्यंत आली, शहर लुटून गेली. कारंजा वऱ्हाडात, वाशीमकडे. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यात मावळा आल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही. इकडचे किल्ले वेगळे. तुमसरजवळचा आंबागड देवगडच्या गोंड राजवटीत, १७०० च्या सुमारास उभा राहिला. पवनीला नदीकाठी जुना कोट. भंडाऱ्याच्या किल्ल्यात तर तुरुंगच आहे. पुढे या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचं राज्य आलं. म्हणजे आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर खरं तर भोसल्यांचा बारगीर उभा पाहिजे. सरकारी घोडा, सरकारी हत्यार, पगार थकलेला. पण बारगीर बाजारात मिळत नाही. साचा मावळ्याचा आहे, म्हणून मावळाच गावोगाव जातो.

बारगीर म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगितलं ते एका बंगाली बाईने. गावात सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला आणि त्याच्याबरोबर देशभरची माणसं आली. शेजारी राहायला आलेल्या या काकू पहिल्याच दिवाळीत किल्ला पाहायला आल्या, दरवाजाशी वाकल्या आणि हवालदाराकडे बोट करून हसत म्हणाल्या, “ए तो बर्गी!” त्यांच्याकडे लहान मूल झोपत नसलं की त्याला बर्गीची भीती घालतात. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून १७५१ पर्यंत बंगालवर जात राहिल्या. शेवटी अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा त्या थांबल्या. स्वाऱ्या संपल्या, पण नाव अंगाईत उरलं. बारगीरचा तिकडे झाला बर्गी. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग काकूंच्या हातावर करंजी ठेवत म्हणाली, “आमचा तसा नाही वो. हा गरीब हाये.” मला एकदम आगगाडीतून गेलेला तो हात आठवला.

एवढी वर्षं हवालदाराने कोणाशी लढाई केली नव्हती. करणार कोणाशी? दिवाळीच्या बाजारात शत्रूच मिळत नाही. अफजलखान मिळतो, पण तो पोटात वाघनखं घेऊनच साच्यातून बाहेर पडतो. त्याच्याशी आणखी काय लढणार? आपला किल्ला ही पाहायची वस्तू आहे. पाहुणे येतात, वाकतात, वा म्हणतात, चिवडा खातात आणि जातात.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं माझ्या भाच्याने. तो हैदराबादला नोकरी करतो आणि पगारातला मोठा हिस्सा शिशाच्या माणसांवर घालवतो. एका दिवाळीत तो पेटी घेऊन आला. आत फोमच्या खाचांत अठ्ठावीस मिलिमीटरचे शिपाई निजलेले. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा एकेक. भिंग लावून पाहिलं तर कोटाची बटणं मोजता येत होती. आधी राखाडी प्रायमर, मग मूळ रंग, मग घड्यांत जाणारं पातळ काळपट पाणी, मग उंचवट्यांवर उजळ रेघ. बुडाला गोंद लावून त्यावर वाळू आणि गवताची पूड. एका शिपायाला दोन संध्याकाळी लागतात, म्हणाला. मी पोत्यावर मोहरी टाकून डोंगर करणारा माणूस. मला त्याची दयाही आली आणि हेवाही वाटला.

हा नाद जुना आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापाने १८१२ मध्ये राजासाठी युद्धाचा खेळ मांडला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि नियम घालून तो पक्का केला. तिथले लष्करी अधिकारी तो कामाचा भाग म्हणून खेळत. इंग्लंडात ब्रिटन नावाच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागायला लागलं, शिपाई स्वस्त झाले आणि घरोघर पोचले. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स तर जमिनीवर ठोकळ्यांची गावं मांडून स्प्रिंगच्या तोफांनी शिपाई पाडत. १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच त्यांनी काढलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं.

भाच्याच्या पेटीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यात दोन्ही बाजू होत्या. शत्रूच्या शिपायालाही त्याने दोनच संध्याकाळी दिल्या होत्या.

“मामा, तुमच्या हवालदाराला एकदा तरी लढू द्या,” तो म्हणाला.

लढाई कोणती, यावर वाद झाला नाही. नागपूरच्या जवळची आणि तीसुद्धा दिवाळीनंतरच्या थंडीतली म्हणून आठवली ती सीताबर्डीचीच. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी बंदुका सुरू झाल्या आणि २७ ला दुपारी थांबल्या. एकीकडे आप्पासाहेब भोसल्यांची सुमारे १८,००० फौज, ३६ तोफा. दुसरीकडे दोन टेकड्यांवर दाटीवाटीने उभे कंपनीचे जेमतेम दीड हजार. आता त्या टेकडीवरच्या किल्ल्यात सामान्य माणसाला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे मोजकेच दिवस सोडतात. आम्ही प्रजासत्ताकदिनी जाऊन आलो होतो. पायथ्याला मेट्रोचं स्टेशन, पलीकडे रेल्वेचं, आणि टेकडी गणपतीच्या दर्शनाची रांग. भाचा वर उभा राहून पावलं मोजत होता. सेल्फी काढणारी पोरं त्याला आडवी येत होती.

हिशेब सोपा निघाला. तीनशे माणसांमागे एक पुतळा. भोसल्यांचे साठ, कंपनीचे पाच. अडतीस मावळे घरात होते. बाकीचे भंडाऱ्याच्या बाजारात, सण संपल्यामुळे अर्ध्या किमतीत मिळाले. साठ मावळे भोसल्यांचे म्हणून चालून गेले. त्यातल्या बारांच्या मुंडाशांना चौकडी काढली, ते झाले अरब. आप्पासाहेबांच्या फौजेतलं सगळ्यांत कडवं पायदळ अरबांचंच होतं. आणि कंपनीकडे? तिथे फिट्झजेराल्ड, स्कॉट असे मूठभर साहेब, आणि खाली उभी होती ती मद्रासची पलटण आणि बंगालचे घोडेस्वार. नागपूरच्या राजासाठी अरब मरत होते आणि लंडनच्या व्यापाऱ्यांसाठी तेलुगू-तमिळ मुलखातले शिपाई. शाळेत आम्हाला ही लढाई ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ एवढ्या तीन शब्दांत शिकवली होती.

कंपनीसाठी पाच जण निवडताना हवालदाराचा नंबर लागला. कारण व्यावहारिक होतं. बाकी सगळ्यांचा हात तलवार उगारलेला, याचा एकट्याचा हात खाली आणि त्यात भोक. भाल्याच्या जागी उदबत्तीची जळकी काडी घातली की बंदूक. भाच्याने त्याला राखाडी प्रायमर मारला तेव्हा आई दारात उभी होती. भुतासारखा दिसत होता तो. मग लाल कोट चढला, छातीवर पांढरे आडवेतिडवे पट्टे आले, मुंडाशाला काळा रंग देऊन मद्रासी टोपी झाली. तीन शून्य नंबरच्या ब्रशाने भाच्याने बटणंसुद्धा काढली. डोळे पुन्हा रंगवताना तो ते सरळ करायला लागला, तशी आई पुढे आली.

“डोळे होते तसेच कहाड. घर नाही ओरखणार तो मंग.”

दिवाणावरची गादी काढून प्लायवूडवर मैदान मांडलं. मोठी टेकडी म्हणजे पालथं घमेलं, लहान टेकडी म्हणजे आईची लोखंडी कढई, दोन्हींवर ओलं पोतं. तोफ म्हणून जुन्या स्टोव्हचा पितळी बर्नर. पितळेच्या जिल्ह्यात तेवढं निघतंच. पायदळाला सहा इंच चाल, घोड्याला बारा. सापशिडीचा फासा टाकून पाच किंवा सहा आला तर समोरचा एक पडला. अर्धी तुकडी पडली की उरलेल्यांसाठी हिमतीचा फासा टाकायचा. कमी पडला तर ते पळतात, मागे कितीही माणसं असली तरी. हा नियम माझ्या मनात फार दिवस राहिला. साच्यात ढाल ओतता येते, मिशी ओतता येते. हिंमत दर वेळी नव्याने टाकावी लागते.

मी भोसले, भाचा कंपनी. हवालदार कढईवर उभा, एक डोळा माझ्या अरबांवर, दुसरा दाराबाहेर. इतिहासात अरबांनी २७ च्या सकाळी लहान टेकडी घेतली, मीही ती तिसऱ्या डावात घेतली. फासा पाच पडला. भाच्याने हवालदाराला उचललं आणि आडवा ठेवला.

इतक्या वर्षांत मी त्याला तणसाच्या बाहेर आडवा पाहिला नव्हता. पाठीवर निजवला तर सरकलेल्या सांध्यामुळे तो डुगडुगत होता. बुडाच्या मातीवर कोण्या कुंभाराच्या बोटाचा ठसा होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अंगठ्याचा असावा, आणि लहान. बाईचा किंवा पोराचा.

पुढची लढाई माझ्या हातून गेली, जशी ती तेव्हाही गेली होती. खऱ्या लढाईत लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरब बिथरले आणि तेवढ्यात कंपनीच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. खाली मैदानात बंगालचे घोडेस्वार भोसल्यांच्या फौजेत घुसले होते. भाच्याने स्फोटासाठी नियम केला होता, एक पडला तर. मी एकच टाकला. हिमतीच्या फाशाला दोन. माझं घोडदळ उशीच्या पलीकडे उभंच होतं. साठातले एकेचाळीस शाबूत असताना मी हरलो, आणि भाच्याकडे दोन पुतळे उभे होते.

आई चहा घेऊन आली. तिने मैदानावर नजर टाकली. कोण जिंकलं, ते विचारलं नाही.

“हवालदाराले काहून निजवलं?”

“मेला तो, आजी.”

“सणासुदीचा मरते काय कोणी!” तिने कप ठेवला, त्याला उचललं, पदराने कोटावरची माती पुसली आणि खिडकीत उभा केला.

लाल रंग पुढे निघाला नाही. रॉकेलच्या फडक्याने घासायला गेलो तर पट्ट्यांआधी मिशीच जायला लागली, म्हणून सोडून दिलं. पुढच्या वसुबारसेला तो तसाच डब्यातून निघाला. लाल कोट, पांढरे पट्टे, काळी टोपी, मुठीत खराट्याची नवी काडी. महाराजांच्या महादरवाजावर कंपनीचा शिपाई. शेजारचा एक पोरगा किल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारून त्याच्यापाशी थांबला.

“काका, हा बँडवाला आहे का?”

“हवालदार हाये तो,” आतून आईचा आवाज आला. “डुटीवर हाये.”

आमचं घर रुळांपासून फार लांब नाही. रात्री मालगाड्या जातात तेव्हा अंगण हलल्यासारखं होतं. बुरुजावरची माती दाणा दाणा खाली येते आणि हवालदाराच्या मुठीतली काडी थरथरते. त्याचं बूड मुळातच वाकडं, त्यामुळे प्रत्येक गाडीगणिक तो केसभर वळतो. पहाटेपर्यंत त्याची पाठ दरवाजाकडे झालेली असते. आई सडा घालायला येते, आधी त्याला दोन बोटांनी धरून फिरवते, आणि मग बादलीत हात घालते.